पेन्सिलीने लिहिणाऱ्या गांगुर्डे बाई

गांगुर्डे बाईंच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे, आणि ती तिथे आहे हे विसरून त्या दुसरी शोधत फिरत. दुसरी सापडली की तीही अंबाड्यात जाई. एका दुपारी मी त्यांच्या डोक्यातून तीन पेन्सिली काढून हातात दिल्या, तेव्हा म्हणाल्या, "तरीच म्हटलं, सकाळपासून डोकं का जड झालंय." आमच्या वॉर्डात हसण्यासारखं फारसं काही घडत नाही, म्हणून हे लक्षात राहिलं.

वॉर्ड म्हणजे नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यातला नवजात बाळांचा कक्ष. मी तिथे नर्स, अकरा महिन्यांच्या करारावर. दर मार्चअखेर करार वाढतो किंवा वाढत नाही. बाई समुपदेशक. आमच्याकडे येणाऱ्या काही बाळांचं दुखणं जन्माआधीच सुरू झालेलं असतं. आईच्या रक्तातून त्यांना दारू, तंबाखू, गुंगीच्या गोळ्या, नाहीतर हल्ली शहरात मिळते ती पावडर पोहोचत राहिलेली असते. नाळ कापली की ते एकदम बंद. मग बाळ थरथरतं, शिंकत राहतं, किरट्या आवाजात तासन्‌तास रडतं. भूक असते पण चोखून गिळणं जमत नाही. अशा बाळांच्या आया आणि त्यांच्या घरची माणसं हे बाईंचं काम. बाळ डॉक्टर सांभाळत, बाकीचं सगळं बाई. आणि बाकीचं पुष्कळ असे.

बाई देवळ्याच्या. बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीवर वॉर्डाचा हिरवा एप्रन. एरवी चारचौघांसारखं बोलत, पण राग आला किंवा माया आली की अहिराणी सुटे. रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "कसाले रडस माय? मी शे ना." कशाला रडतेस, मी आहे ना, एवढाच अर्थ. पण ज्यांना अहिराणीचा गंध नाही अशा बायकाही त्यावर गप्प व्हायच्या. मी एकदा तेच शब्द एका बाईला म्हणून पाहिले, तर ती आणखी रडायला लागली. त्या दिवसापासून कानाला खडा.

त्यांचा एक नियम होता. कुठल्याही आईला त्या 'का घेतलंस' असं विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "कुठं दुखतं?" दारू पिणारीलाही हेच, पावडर ओढणारीलाही हेच. मला तो प्रश्न सुरुवातीला भाबडा वाटायचा. पण बायका उत्तर द्यायच्या. कुणाची कंबर, कुणाचं डोकं. एक कॉलेजातली मुलगी तर म्हणाली होती, "सगळीकडे."

दुसरा नियम पेन्सिलीचा. आईची माहिती त्या आधी पेन्सिलीने लिहीत, दोन-तीन दिवस खोडत-बदलत, आणि खात्री झाली की मग पेनाने. "पेनानं लिहिलेलं बाईच्या जन्माला चिकटतं," असं म्हणत. मेट्रनबाईंना हे पटत नसे. थरथरणाऱ्या बाळाच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून बाईंनी स्वतःची जुनी साडी खिडकीला बांधली होती, तेही त्यांना पटत नसे. मोठमोठ्याने बोलत राउंड घेणाऱ्या एका डॉक्टरांना बाईंनी ओठावर बोट ठेवून गप्प केलं होतं, ते तर कुणालाच पटलं नाही. पण बाळ झोपलं होतं, त्यामुळे कुणी ओरडूही शकलं नाही.

या कामात त्या का पडल्या यावर वॉर्डात नाना कथा होत्या. कुणी म्हणे नवरा प्यायचा, कुणी म्हणे बहिणीचं मूल गेलं. मी एकदा धीर करून विचारलंच. म्हणाल्या, "तीन जागा निघालेल्या. दोन वशिल्यानं भरल्या. ही कुणाला नको होती."

आता सविताचं सांगते. सांगायला जीव होत नाही, कारण त्यात माझा हात आहे.

सविता वणीच्या पलीकडच्या एका गावातली. वय तेवीस. द्राक्षबागेत टोळीबरोबर थिनिंगच्या कामाला जायची. थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे. मांडव डोक्यावर, त्यामुळे मान मागे टाकून, हात वर करून दिवसभर उभं राहायचं. आठव्या महिन्यापर्यंत ती हे करत होती. जानेवारीत आमच्याकडे बाळंत झाली, मुलगी झाली. दाखल करताना तिची माहिती मी घेतली. व्यसन काही? "नाय." तंबाखू, मशेरी? "नाय हो सिस्टर." गोळ्या-औषधं? "ताकदीची गोळी घेते ना. रोज. कामाला जाताना एक, आल्यावर एक."

आता, गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि गावोगावी त्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणतात. बायका त्या घेत नाहीत, फेकून देतात, आणि आम्ही त्यांच्या नावाने खडे फोडतो. इथे एक बाई रोज दोन घेते म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी 'लोहाच्या गोळ्या: नियमित' असं लिहून वर तिला शाबासकी दिली. सविता लाजून हसली.

दुसऱ्या दिवशी बाळ थरथरायला लागलं. साखर तपासली, कॅल्शियम तपासलं, ठीक होतं. जंतुसंसर्ग असेल म्हणून प्रतिजैविकं सुरू झाली. तरी रडणं थांबेना, तेव्हा मेंदूचा ताप नाही ना हे पाहायला पाठीतून पाणी काढलं. त्या वेळी बाळाला वाकवून धरायचं काम माझ्याकडे होतं. एवढासा जीव माझ्या तळहातांत धडपडत होता आणि मी म्हणत होते, झालं बाळा, झालं. कशासाठी झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. बाई त्या तीन दिवसांत रजेवर होत्या.

चौथ्या दिवशी त्या आल्या. बाळाकडे मिनिटभर पाहिलं, माझा कागद वाचला आणि स्टूल ओढून सविताजवळ बसल्या.

"कुठं दुखतं?"

"खांदे," सविता म्हणाली. "आता लय दुखायला लागलेत. अंग पण फुटतंय. चार दिस गोळी नाय ना."

"कोणती गोळी?"

"ताकदीची."

"रंग कसा तिचा?"

"पिवळी-हिरवी. कॅप्सूल हाय."

मी तिथेच उभी होते. लोहाची गोळी लाल असते. "आणि लाल गोळी?" बाईंनी विचारलं.

"ती व्हय? तिच्यानं मळमळायचं. ती सोडली मी."

पिवळी-हिरवी कॅप्सूल म्हणजे जबर वेदनाशामक, अफूच्या जातीची. गावातला मेडिकलवाला टोळीतल्या सगळ्या बायकांना ती चिठ्ठीशिवाय देत होता, आणि नावही त्यानेच दिलं होतं. खोटं नव्हतं ते. घेतली की हात वर राहायचे.

बाईंनी मला एक शब्द ऐकवला नाही. डॉक्टरांना सांगून आल्या, बाळाचे उपचार बदलले, आणि बाळ सविताच्या उघड्या छातीवर ठेवून दोघींवर चादर घातली. सविता घाबरली. "माझ्यामुळंच झालंय ना? मग माझ्याजवळ कशाला देता?" बाई म्हणाल्या, "ज्या अंगातून गोळी गेली, त्याच अंगातून ऊब जाऊ दे. धर." सविताने धरलं. बाळ अर्ध्या तासाने झोपलं, चार दिवसांत पहिल्यांदा.

सासू बाहेर व्हरांड्यात होती. तिला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या सात पिढ्यांत कुनी नशा नाय केली. ही कुठून आली आमच्या घरात?" असं म्हणताना तिच्या एका बोटाला मशेरी लागलेली होती. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूची पूड. पण ती दात घासायची, ती काय नशा? बाईंनी शांतपणे हात पुढे केला. "आजी, डबी बघू जरा." आजीने दिली. बाईंनी ती एप्रनच्या खिशात टाकली. "संध्याकाळपर्यंत माझ्याकडं राहू दे."

दुपारी दोनपर्यंत आजीने तीन फेऱ्या मारल्या. आधी गोड बोलली, मग भांडली. चारच्या सुमारास डोकं धरून बाकावर आडवी झाली. हात थरथरत होते, जांभया येत होत्या, चहा प्यायली तो उलटला. बाई तिला उठवून आत घेऊन गेल्या आणि बाळासमोर उभं केलं. बाळ जांभया देत होतं, हात थरथरत होते, नुकतंच प्यालेलं दूध गळ्याशी आलं होतं.

"तुम्हाला एक दुपार झाली आजी. हिला चार दिवस झाले. आणि तुम्हाला निदान डबी मागता तरी येते."

 आजीने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. डबी परत मागितली, आणि बाईंनी दिलीही. मशेरी काही सुटली नाही, पण त्या दिवसापासून आजी सविताला नशेबाज म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवी होती. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते तो दिवस. वॉर्डात पूजा कशी करणार, पण आजीने हट्टाने व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाईंनी मेट्रनबाईंना तिकडे फिरकू दिलं नाही.

त्याच दिवशी सविताला मानसोपचार विभागाकडे पाठवायचं होतं. अशी गोळी एकदम तोडून चालत नाही. तिच्या जागी दुसरं औषध देऊन हळूहळू कमी करावं लागतं. तिकडे द्यायची चिठ्ठी मी लिहिली. वर डॉक्टर विचारत होते, दाखल करताना हे कसं सुटलं? पाठीतून पाणी काढलेलं बाळ समोर होतं. माझा करार मार्चपर्यंत होता. मी लिहिलं: 'आई व्यसनी आहे. दाखल होताना माहिती लपवली.' निळ्या पेनाने, ठसठशीत. माझं अक्षर पहिल्यापासून सुंदर. ओझरला शाळेत होते तेव्हा शुद्धलेखनाचं बक्षीस कधी चुकलं नाही, आणि वडील कारखान्यातून आले की ते बक्षीस शेजाऱ्यांना दाखवत.

सटवाईने त्या कागदावर काय लिहिलं माहीत नाही. मी काय लिहिलं ते माहीत आहे.

संध्याकाळी बाईंनी माझ्या रजिस्टरात चिठ्ठीची कार्बन प्रत पाहिली. "लपवली?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, म्हणजे तसंच झालं ना बाई. त्या म्हणाल्या, "तिनं तुला सांगितलं होतं. तू तिला शाबासकी दिली होतीस." मग त्या मूळ चिठ्ठी आणायला धावत खाली गेल्या. पण ती शिक्का मारून घ्यायला सविताचा नवरा रामदास घेऊन गेला होता, आणि दहावी शिकलेला असल्यामुळे त्याने ती वाचली होती. मोबाइलवर फोटोही काढला होता. माझं अक्षर इतकं स्वच्छ होतं की फोटोत एकही काना अस्पष्ट आला नव्हता.

तीन आठवड्यांनी मायलेकी घरी गेल्या. बाळ शांत झालं होतं, अंगावर पीत होतं. बाईंनी आजीला आणि रामदासला समोर बसवून बजावलं होतं की सविताचं औषध चुकवायचं नाही, आणि डॉक्टरांनी पाजायला परवानगी दिली आहे. रामदासने मान हलवली. पण तोवर तो फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर गेला होता. एका भाऊबंदाने विचारलं, नशेबाज बायको घरात ठेवतोस का? झालं. रामदासने औषधाची पट्टी चुलीत टाकली. "दवाखान्यातनं पन गोळ्याच घिऊन आली," म्हणे. दोन दिवसांत सविताचं अंग मोडून आलं, जुलाब, कापरं. तिसऱ्या दिवशी ती बाळाला आजीकडे देऊन त्याच मेडिकलात गेली आणि दोन कॅप्सुली घेऊन आली. रामदासने पिशवीत पाहिल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला माहेरी धाडलं, बाळाशिवाय. मुलांच्या ताब्याचे निर्णय घेणाऱ्या समितीकडे अर्ज केला आणि सोबत माझी चिठ्ठी जोडली. अंतिम निर्णयापर्यंत बाळ आजीकडे राहील असा हुकूम आला. मेडिकलवाल्याला कुणी काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

बाई मंगळवारी सुट्टी घेत. त्या मार्चपासून दर मंगळवारी त्या एसटीने सविताच्या माहेरी जायला लागल्या. तिचे उपचार पुन्हा सुरू केले, औषध स्वतः नेऊन देत. आणि एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती. बाळ हातात नसताना दूध आटतं. म्हणून त्यांनी सविताला दिवसातून सहा-सात वेळा हाताने दूध काढायला लावलं. वाटीत काढायचं आणि ओतून द्यायचं. ज्या दिवशी मूल मिळेल त्या दिवशी पाजता आलं पाहिजे. सविताची भावजय कुरकुर करायची की हे काय भलतंच, कढीपत्त्याच्या बुंध्याशी दूध ओततात. बुधवारी बाई वॉर्डात आल्या की मी नजर चुकवत विचारायची, "आहे का?" "आहे." पुढच्या आठवड्यात, "आहे, पण कमी." मग एकदा, "अर्धी वाटी."

त्यांनी मला एकदाच सांगितलं. माझ्या टेबलाशी आल्या, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि एका कागदावर लिहिलं: 'सविताने माहिती लपवलेली नाही. तिने सांगितलं होतं, माझी समजण्यात चूक झाली. तिला कष्टाच्या दुखण्यावर दुकानदाराने दिलेल्या गोळीची सवय लागली असून ती नियमित उपचार घेत आहे.' कागद माझ्याकडे सरकवला. "हे तुझ्या अक्षरात दे. तारीख आहे पंधरा दिवसांनी."

मी म्हणाले, मेट्रनबाईंना विचारून सांगते. मेट्रनबाईंना मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी तारीख पडली, पुढे ढकलली गेली. मार्चअखेर माझा करार वाढला. एप्रिलमध्ये दुसरी तारीख गेली. बाई दर बुधवारी भेटत, डबा खाताना अर्धी चटणी मला वाढत, आणि त्या कागदाचं नाव काढत नसत. समितीने विचारलं होतं की ही चिठ्ठी लिहिणारी नर्स कोण, तर बाईंनी 'वॉर्डाकडून गेली' एवढंच सांगितलं, हे मला नंतर कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला राग येत होता, आणि तो त्यांचाच येत होता. एवढं गप्प राहून माणसाला कशाला जाळायचं?

मेच्या मध्यावर एका बुधवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. "काल काही आलं नाही," म्हणाल्या. "दोन्हीकडून काढून पाहिलं. पोरगी वाटी घेऊन बसून राहिली." मग त्या अहिराणीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि उठून बाळांकडे गेल्या. मी त्या दुपारी लिहिलं. पेन्सिलीच्या अक्षरांवरून एकेक शब्द, निळ्या पेनाने, खाली माझं पूर्ण नाव आणि पद.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला उगाच आशा लागायला नको. निकाल लागला तो भर पावसाळ्यात. मूल आजीच्याच घरी राहील, आईनेही तिथे राहून उपचार चालू ठेवावेत. सविता त्याच घरात, त्याच नवऱ्याकडे परत गेली. तोवर अंगावरचं कायमचं सुटलं होतं. मुलगी आता बोबडं बोलते आणि आजीला आई म्हणते. सविता पुन्हा बागेत जाते, गोळीशिवाय. संध्याकाळी तिला हात खाली करायला वेळ लागतो. आणि हा निकाल बाईंनी पाहिलाच नाही. पंधरा दिवस आधी डेंग्यूचं निमित्त होऊन त्या गेल्या. आठ दिवस ताप अंगावर काढला, त्यातला एक मंगळवार होता.

त्यामुळे बाई म्हटलं की मला मे महिन्यातली ती तारीखच दिसते. दवाखान्याबाहेर मी त्यांच्याबरोबर त्या एकाच दिवशी होते.

समितीचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, पंखा कुरकुरणारा. टेबलाच्या पलीकडे अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यात एक बाई. अलीकडे एका भिंतीशी रामदास आणि बाळाला घेऊन आजी, दुसऱ्या भिंतीशी सविता. बाळ चार महिन्यांचं झालं होतं. अंगात नवं झबलं होतं, डोळ्यांत काजळ होतं. सविता त्याच्याकडे टक लावून पाहत होती आणि ते पंख्याकडे पाहत होतं.

मी माझा कागद दिला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. "हे आधी का दिलं नाही, सिस्टर?"

"भीती वाटली, साहेब."

 त्यांनी कागद फायलीत लावला. म्हणाले, आता वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवू, तो आला की विचार करू, पुढची तारीख महिन्याने. हे ते सरळपणाने म्हणाले, वाईट माणूस नव्हता. पण बाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, कागदाला महिनाभर थांबता येतं. दुधाला नाही येत."

"बाई, नियम असतात," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात बाळाला भूक लागली असावी. ते रडायला लागलं. आजीने बाटली काढली, झाकण उघडेना, रडणं वाढलं. आणि सविताने एकदम दोन्ही हात छातीवर आवळून धरले. आठवडाभर थेंब नव्हता असं बाई म्हणत होत्या. तिचा ब्लाउज भिजत चालला होता. आधी एका बाजूला, मग दोन्हीकडे, पदरापर्यंत. ती मान खाली घालून तशीच उभी राहिली. अध्यक्षांनी फायलीत डोळे घातले.

बाईंनी स्वतःचा पदर तिच्या अंगावर घातला. आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "हे पण लिहून घ्या, साहेब. हवं तर पेन मी देते."

सदस्य बाई अध्यक्षांच्या कानाशी काही बोलल्या. "अर्धा तास," अध्यक्ष म्हणाले. "बाजूच्या खोलीत. आजपुरतं."

आजीने बाळ सविताच्या हातात दिलं. मायलेकी आत गेल्या, बाईंनी दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. शिपाई बाकावर बसला. आत रडणं चालूच होतं. बाटलीला सरावलेलं मूल अंगावर घेत नव्हतं, सविताला ओळखतही नव्हतं. ती काहीतरी म्हणत होती, तेही ऐकू येत होतं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बाळ कळवळून रडत होतं. "बास करा की," रामदास म्हणाला. "मरंल पोरगी रडून." बाई हलल्या नाहीत. त्याला ते ऐकवेना तेव्हा तो गुटख्याची पुडी काढत खाली निघून गेला. आजी भरलेली बाटली मांडीवर घेऊन बसली होती. मी बाईंना म्हणाले, आत जाऊन दाखवू का तिला, कसं धरायचं ते? त्यांनी मान हलवून नको म्हटलं. 

मग रडणं तुटक झालं. थांबलं. पुन्हा एकदा आलं, आणि मग आलंच नाही. प्यायला लागलं की थकून झोपलं, बाहेरून कळायला मार्ग नव्हता. 

शिपायाचा मोबाइल आत चार्जिंगला होता. त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं. नर्सचं घड्याळ, चुकायचं नाही. "सिस्टर, झाला का अर्धा तास?"

मी घड्याळ पाहिलं. छत्तीस मिनिटं झाली होती.

"वीस झालीत," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराला पाठ टेकवूनच त्या हळूहळू खाली बसल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले.